आनंदीकाकीचा कोपरा

खारबावजवळच्या ज्या गोडाऊनमध्ये मी पॅकिंगला होते, त्याच्या मागच्या कोपऱ्यात आनंदीकाकी आम्हा बायांची पोरं सांभाळायची. ती जमीन मुळात तिच्या सासऱ्यांची. ती विकत घेताना घरातल्या एकाला काम देईन, असा शब्द जुन्या शेठने दिला होता, म्हणून काकी झाडूकामाला लागली. बाया तान्ही पोरं रिकाम्या खोक्यात निजवतात हे तिने पाहिलं आणि शेठकडे कोपरा मागून घेतला. मग रॅकच्या लोखंडाला जुन्या साड्यांच्या झोळ्या लागल्या.

तिला स्वतःचं मूल नव्हतं. त्यावरून कुणी हळहळलं की ती चिडायची. आवाज फाटका, तरी गाणी म्हणायची, आणि पोरं बिचारी झोपायची. माझा विपुल तिच्याकडेच बोलायला शिकला. आता इंग्रजी शाळेत जातो, पण बाईंना उत्तर देतो, "न्हाय."

शेठ गेले. त्यांच्या मुलांनी कंपनी एका फंडाला विकली. लोकांचे पैसे गोळा करून कंपन्या घ्यायच्या आणि नफा काढून विकायच्या, प्रायव्हेट इक्विटी म्हणतात त्याला. या लोकांनी आधी गोडाऊनची इमारतच दुसऱ्या कंपनीला विकली आणि आलेला पैसा काढून घेतला. काल जी जागा आमची होती, तिला आज भाडं लागलं. मग फूट न् फूट जागेने कमाई दाखवायला हवी. कोपरा कमाई दाखवत नव्हता.

कोपरा रिकामा करा, हे सांगायला मॅनेजर प्रितेश आला. डोंबिवलीचा, वाईट नव्हता, काकीकडे बघून बोलवेना त्याला. काकीने विचारलं, आता मालक कोण, मी त्यालाच भेटते. त्याने समजावलं की असा एक मालक नसतो, पैसे पुष्कळांचे असतात, परदेशातल्या शिक्षकांच्या पेन्शनचेसुद्धा.

"मास्तर हायत ना? मंग त्यांना पोरांचं कळंल. त्यांना इचार."

"मावशी, त्यांना कसं विचारणार? आपले पैसे इथे आहेत हे त्यांनाच माहीत नसतं."

काकी म्हणाली, "म्हंजे ज्याचं हाय त्यालाच ठाव न्हाय."

तिने झोळ्या सोडल्या, घड्या घातल्या, आणि नोकरीही सोडली. दुसऱ्या दिवसापासून पोरं तिच्या घराच्या ओट्यावर. आम्ही कुणी तांदूळ न्यायचो, कुणी भाजी. जेवणाच्या सुट्टीत अंगावरच्या पोरांना पाजायला धावत जायचो आणि उशीर झाला म्हणून अर्ध्या दिवसाचा खाडा लावून घ्यायचो.

पुढे खर्च कमी करायचा म्हणून निम्म्या बाया काढल्या. त्यात मीही. हिशेबात नफा फुगला तसं फंडाने कंपनी तिसऱ्यालाच विकली आणि निघून गेला. नव्यांनी प्रितेशलाही घरी पाठवलं. जाताना तो काकीकडे आला. मला वाटलं, ती सुनावेल. तिने त्याला पाटावर बसवलं, भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी वाढली, आणि घरी कोण कोण आहे ते विचारत बसली. तो खाली मान घालून जेवला.

मी नंतर रागावले, कशाला एवढं? ती म्हणाली, त्याचा काय दोष, त्यालाही कुणी विचारलं नव्हतं.

आता मीही ओट्यावर तिच्या हाताखाली असते. आसपासच्या दुसऱ्या गोडाऊनमधल्या बायाही पोरं आणून सोडतात. गोंधळ फार असतो. परवा एक पोर गडगडत अंगणात पडलं, तेव्हा काकीने गवंडी बोलावून ओट्याला कठडा बांधून घेतला.