खुर्चीने धरलेली कंबर

वार्धक्य सगळ्यांना एका पातळीवर आणते, असे म्हणतात. नाशकातल्या एका फिजिओथेरपीच्या दवाखान्यात आम्ही साताठ जणी कंबरपट्टे बांधून खुर्च्यांवर बसलो होतो. एक बाई मात्र एकटीच खाली फरशीवर उकिडवी बसली होती, भिंतीलाही न टेकता.

“आजी, वर बसा ना,” काउंटरवरची मुलगी म्हणाली.

“नको पोरी. खुर्चीनंच तर कंबर धरली. लासलगावला खळ्यावर कांदा निवडण्यात जल्म गेला, काय नाय झालं. औंदा पोरानं खुर्ची आणली. म्हणला, आई, आता आराम कर.”

तिने रक्ताचा रिपोर्ट मला वाचायला दिला. वय माझ्याइतकेच, अडुसष्ट. अंगातली सूज दाखवणारा आकडा माझ्यापेक्षा जास्त. मला बरे वाटले. असे लिहू नये, पण वाटले.

तेवढ्यात तिला आत बोलावले आणि ती उठली. हात टेकले नाहीत की ‘आई गं’ म्हटले नाही. मला खुर्चीतून उठायलाही दोन्ही हात आणि थोडा देव लागतो. डॉक्टरांच्या म्हणण्याप्रमाणे, हात न टेकता उठता येईल, तेव्हाच माझा पट्टा सुटणार होता. त्या क्षणी तिच्या गुडघ्यांसाठी मी माझी पेन्शनही दिली असती.

घरी आल्यावर मी पट्टा काढला आणि स्वयंपाकघरात तिच्यासारखीच उकिडवी बसले. बसणे उत्तम जमले. उठवायला शेजारच्या दोघी आल्या. त्यांतली एक माझ्याहून पाच वर्षांनी मोठी आहे.