अहिराणी गाणं एकही नको

मुलीच्या रिसेप्शनसाठी धुळ्यात ऑर्केस्ट्रा ठरवत होतो. साखरपुड्यात पुण्याचे व्याही माझ्या आईच्या अहिराणीला हसले होते, ते डोक्यातून जात नव्हतं. घासाघीस संपल्यावर मी गायकाला बजावलं, "अहिराणी गाणं एकही नको. हिंदीच म्हणायची."

गळ्यातला रुमाल सोडून पुन्हा बांधत त्याने विचारलं, "भाऊ, नवरीनी आजी नाचस का?"

"तुले काय करनं शे?" मी भडकलो. "नाचस!"

"मंग तिले घरच ठेवशात का?"

मी ॲडव्हान्सचे पैसे मोजून त्याच्या हातात ठेवले. त्याने तो अहिराणी गाण्याला होकार धरला.

रिसेप्शनला त्याने पहिलंच गाणं अहिराणी म्हटलं, रुमाल सावरत, आईकडे बघत. आई नाचली म्हणे, छान नाचली. मी सगळा वेळ व्याह्यांची तोंडं बघत होतो.