भाऊ ऑफ झाले

मित्रहो, आज दुपारी मी एक शब्द वापरला. त्याची लाज अजून जात नाहीये.

खापरखेड्याच्या वीज केंद्रात ड्युटीवरच आमचे फोरमन हार्ट अटॅकने गेले. त्यांच्या घरी कळवायचं माझ्यावर आलं. 'वारले' म्हणायला जीभ रेटेना. मग सगळे म्हणतात तसंच फोनवर बोललो, "वहिनी, भाऊ ऑफ झाले."

"बरं झालं गा! आठ दिवसांपासून ऑफ मागून राहिले होते. जेवाले येतात ना? पोळ्या लाटून राहिली मी."

पण आमच्या कॉलनीत ऑफ म्हणजे आधी सुट्टी. मी आपला इंग्रजीआड लपलो होतो! शेवटी मराठीतच सांगावं लागलं.

एकाच बाईला नवरा गेल्याचं दोनदा सांगणाऱ्यानं उद्या तिच्या दारात कोणत्या तोंडानं जायचं?