टबात ठेवलेला समाजवाद

अख्ख्या कुवेतमध्ये अमेरिकेतल्या समाजवादाची काळजी वाहणारा माणूस एकच आहे, आणि तो माझ्या घरात राहतो. हे माझे मामेसासरे. मूळचे चिपळूणचे, अहमदीतल्या एका कचेरीत नकाशे काढतात. मामी गावी परतल्यावर बिऱ्हाड मोडून अबू हलीफाला आमच्याकडे आले, ते दोन बॅगा कपडे आणि अकरा खोकी कागद घेऊन. जमिया, म्हणजे इथल्या प्रत्येक वस्तीतलं सहकारी दुकान, हे त्यांचं देऊळ. काही घ्यायचं नसलं तरी संध्याकाळी तिथे एक फेरी असतेच. कोथिंबिरीच्या जुड्यांवरून कौतुकाने हात फिरवतात आणि मला ऐकवतात, "जावईबापू, हे सगळं सभासदांच्या मालकीचं बरं का!" मी मान डोलावतो, मला तिथे टोमॅटो कुठे असतात तेही माहीत नाही. उपमा की पोहे हा प्रश्नसुद्धा ते घरात ठराव मांडून, अनुमोदन घेऊन सोडवतात. गेल्या महिन्यात उपम्याविरुद्ध मी एकटाच होतो. माझा विरोध रीतसर नोंदवण्यात आला आणि मला उपमा वाढण्यात आला.

पण त्यांचा जीव अडकलाय तो एका जाडजूड फायलीत. अमेरिकन वर्तमानपत्रांत 'सोशलिस्ट' हा शब्द दिसला की ते कात्रण त्यात चिकटलंच. शब्द शिवीसारखा वापरला असेल तर खाली लाल रेघ. कुणी ताठ मानेने स्वतःला लावून घेतला असेल तर हिरवी. पहिली शंभरेक पानं नुसती लालभडक. मग कुठे कुठे हिरवा डोकावतो, आणि अलीकडची पानं तर पालेभाजीच्या टोपलीसारखी दिसतात. "आम्ही तरुण होतो तेव्हा तिकडे हा शब्द चिकटला की माणूस निवडणुकीतून गेलाच," ते सांगतात. "आता पोरं तो सदऱ्यावर छापून फिरतात. लाल संपलेलं नाही हां, उगाच खोटं कशाला बोलू!"

माझी अडचण एवढीच, की मिरकाबमधला माझा साहेब अमेरिकन. माझं कंत्राट संपत आलेलं, नवं त्याच्या सहीवाचून अडलेलं. सही नाही तर इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना नाही, आणि इकामा नाही तर आम्ही सहकुटुंब विमानात. अशा वेळी मी, शहाणा माणूस, साहेबाला शुक्रवारी दुपारी जेवायला बोलावलं. मामांना बजावलं, "फक्त हवेवर बोला." फाईल आणि खोकी बाथरूममधल्या टबात रचली आणि पडदा ओढला.

"मामाचा जन्म गेला त्यात, आणि तू ते टबात भरतोस?" बायको म्हणाली.

"टब कोरडा आहे," मी म्हणालो. लग्नानंतर इतकं बिनडोक उत्तर मी पहिल्यांदाच दिलं असं मला वाटलं. बायकोचं मत वेगळं पडलं.

साहेबाने कोंबडीचा रस्सा खुबूस, म्हणजे इथली रोटी, बुडवून मनापासून खाल्ला. मामा इमानाने चाळीस मिनिटं हवेवर बोलले. कुवेतच्या हवेवर इतकं बोलायला तपश्चर्या लागते. ती तापलेली तरी असते, नाहीतर धुळीने भरलेली. मग साहेब हात धुवायला गेला. बराच वेळ आला नाही. आला तेव्हा त्याच्या हातात फाईल होती.

"ही कुणाची?"

"भाडेकरूची," मी म्हणालो.

"माझी," मामा म्हणाले.

साहेब खाली बसला आणि एकेक पान उलटत गेला. "आमच्या घरी हा शब्द निघाला की माझे वडील टेबलावरून उठायचे," तो शेवटी म्हणाला. "मीही तेच केलं. माझी मुलगी असल्याच एका उमेदवारासाठी दारोदार फिरायला लागली, तेव्हा मी तिचा फोन मध्येच ठेवला. तीन महिने झाले."

मला वाटलं, संपलं. तीस वर्षं राखून ठेवलेलं भाषण मामा आता ठोकणार.

मामांनी विचारलं, "थंडीत फिरते? कोट बरा आहे का तिच्याकडे?"

साहेबाला सांगता येईना.

"मग विचारा की! तिचं सगळंच बरोबर असेल असं मी म्हणत नाही. पण हा खुबूस इथलं सरकार पदरचे पैसे घालून स्वस्त ठेवतं. तुम्ही तीन खाल्लेत. मी तुम्हाला सोशलिस्ट म्हणालो का?"

साहेब हसला. मग दोघे तासभर कडाकडा भांडले, आणि मी सगळ्यांसाठी चहा करून साखर घालायला विसरलो.

रविवारी सकाळी मामांना अहमदीला सोडताना मी टबाबद्दल माफी मागितली. "टबाचं काय एवढं," ते म्हणाले. "माझ्या वडिलांनी माझी पुस्तकं बंबात घातली होती. मग आम्ही चार वर्षं बोललो नाही. ते गेले तेव्हा मी इथे होतो." डबा घेऊन ते उतरले. एरवी मी त्यांना सिग्नललाच सोडून सटकतो; त्या दिवशी कचेरीच्या दारापर्यंत चालत गेलो.

मिरकाबला साहेबाच्या खोलीत मुख्य कचेरीतून आलेल्या एक बाई बसल्या होत्या. माझं कंत्राट टेबलावर, पेन साहेबाच्या हातात. "तुझे मामा कसे आहेत?" त्याने विचारलं.

"कोण मामा?" बाईंनी चष्म्यावरून पाहिलं.

सहीची जागा अजून कोरीच होती. 'निवृत्त गृहस्थ' हे शब्द माझ्या जिभेवर तयार होते.

"माझ्या घरी राहतात," मी म्हणालो. "पक्के समाजवादी आहेत." इतक्या मोठ्याने, की बाहेरच्या टेबलांवरचे कीबोर्ड थांबले. बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं. काय, ते मला आजवर कळलेलं नाही. साहेबाने मात्र सही केली, जरा दाबूनच. कागद माझ्याकडे सरकवत म्हणाला, "काल फोन केला तिला. अकरा मिनिटं बोललो. त्यातली नऊ मिनिटं भांडलो. कोट आहे तिच्याकडे."

संध्याकाळी मी मामांना सहीची बातमी दिली. "छान झालं," म्हणून ते मोकळे झाले. फोनचं मात्र त्यांनी दोनदा सांगायला लावलं आणि ऐकता ऐकता खिडकीतून समुद्राकडे बघत राहिले.

"बरीच झाली की हो," ते म्हणाले, "नऊ मिनिटं."