मान खाली घालायची सोय

चारचौघांत मोबाईलमध्ये तोंड खुपसून बसणाऱ्याला लोक माजोरडा म्हणतात. मला विचारा. मी वर्षभर तेच केलं, आणि माज कसला, मी आपला कन्नड तालुक्यातल्या पावसाचा अंदाज बघत बसायचो. कन्नडला माझं कुणी नाही.

कारण साधं होतं. मला ऐकू येईनासं झालं होतं. छावणीतल्या हॉटेलात आम्ही चौघे निवृत्तीच्या वयाचे मित्र रोज संध्याकाळी चहाला जमतो, आणि बाकीचे तिघं एकदमच बोलतात. त्या कालव्यात मला कशाचा पत्ता लागत नसे. सारखं ‘काय, काय’ करायची लाज वाटायची. बहिऱ्याला कोण चहाला बोलावतं? मोबाईल काढला की निदान कुणी उत्तर तरी मागत नाही.

मग आमच्यातल्या मास्तरांनी फर्मान काढलं: उठेपर्यंत सगळ्यांचे मोबाईल चहाच्या ट्रेमध्ये. पहिला माझाच हिसकावला. आता चेहरे बघून अंदाजानं हसायचं, एवढंच हाती उरलं.

त्याच आठवड्यात शहागंजात कापडाचं दुकान असलेला मित्र काहीतरी सांगत होता. तो बोलायला लागला की आम्ही हसतोच, त्याची जीभच तशी. मी जोरात हसलो. बाकी कुणी हसलं नाही. तो बायकोच्या ऑपरेशनचं सांगत होता.

तो उठून निघाला. इतक्या वर्षांची दोस्ती चालली होती. मी त्याचा हात धरला.

“मला ऐकू येत नाय रे. लई दिवस झाले. म्हणून तर तो मोबाईल.”

मास्तर ओशाळले. मित्र मात्र भडकला. “अरे मियाँ, मग सांगायचं नाय व्हय? आम्ही समजलो, तुला आमचाच कंटाळा आला!”

हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं.

“कोणता कान चालू हाय?” त्यानं ओरडून विचारलं. मी उजवा दाखवला. तो खुर्ची ओढून त्या बाजूला आला, आणि बाकीच्यांना गप्प करून ऑपरेशन पहिल्यापासून सांगायला लागला. मघाशी अर्धवट राहिलेला शेवट कुणालाच ठाऊक नव्हता, म्हणून तेही पुढे सरकले. शुद्धीवर आल्या आल्या बायकोनं त्याला विचारलं होतं, “दुकान किसके भरोसे छोड के आये जी?”

सगळे खो-खो हसले. मला शब्द न शब्द ऐकू आला होता.