अर्ध्या घराचा पाया

रेवदंड्याच्या खाडीकडेला, कोळीवाड्याच्या शेवटाला केसरचं घर होतं. छप्पर एक, संसार दोन. पुढचा भाग दीर शिवदासचा, मागचा तिचा. नवरा होडी घेऊन गेला तो परतला नाही; पण थोरल्याची बायको म्हणून घरचे देव तिच्याकडे राहिले. आमच्याकडे देव थोरल्या घरातून हलत नाहीत. सणाला शिवदासलाही मागच्या दारी येऊन वाकावं लागे. ते त्याला सलत असे.

घर उभं होतं खाजण भरून केलेल्या जमिनीवर. वर मुरूम, खाली काळा चिखल. भरतीला फुगणारा, ओहोटीला बसणारा. शिवदासने भाड्याने उतरणाऱ्या पाहुण्यांसाठी आपल्या माळ्यावर खोल्या बांधल्या आणि घर खचू लागलं. मग त्याने मिनी पाइलवाल्या दीपेशला आणलं. लहानशा मशीनने घराच्या आतूनच लोखंडी नळ्या खाली खडकापर्यंत उतरवायच्या, त्यांत सिमेंट भरायचं, आणि घराचा भार चिखलावरून काढून त्यांच्यावर द्यायचा.

मशीनला आत जायला वाट हवी होती. पुढे नव्या लाद्या होत्या. शिवदास म्हणाला, मागून नेऊ. केसरने दाराची चौकट काढू दिली, स्वतःच्या हाताने चूल फोडली. अंगणात तीन दगड मांडून कामगारांना भाकरी आणि जवळा वाढत राहिली. पुढचं झालं की मागचं घेतील, असं ती धरून चालली.

पुढचं झालं. मशीन तिच्याच दारातून निघालं आणि टेम्पोवर चढलं.

दीपेशने शिवदासला बजावलं होतं, की अर्धं घर खडकावर आणि अर्धं चिखलावर ठेवलंत तर मधोमध फाटेल. फाटू दे, तो म्हणाला, माझं तर राहील. केसर विचारायला गेली तेव्हा तो चहा पीत होता.

"वयनी, तुझं वजन ते केवडं? तुला कशाला लोखंड?"

श्रावणात मधल्या भिंतीला चीर गेली. आधी तिच्यात बोट जाई, मग हात. मागचा भाग खाली जाताना सामायिक आढं पुढच्या छपराला ओढू लागलं. केसर बाजारात सुकट विकायला गेली होती, त्या सकाळी शिवदासने सुतार बोलावून आढं चिरेवर कापून घेतलं. ती परतली तेव्हा तिचं छप्पर नव्याने घातलेल्या चुलीवर निजलं होतं.

कौलं उपसून तिने देव काढले, पदराने पुसले. देव उघड्यावर ठेवत नाहीत. ती पुढच्या दाराशी गेली. शिवदासने दोन्ही हात पुढे केले.

"देव दे. तू जा तळे गावाला, लेकीकडं."

"भावोजी, देवांच्या खाली लोखंड हाय ना?"

"हाय. खडकापातुर."

तिने देव दिले. त्याने ते कपाळाला लावले आणि दार लोटून घेतलं.

केसर आता तळे गावात असते. तिथे खाडीचा वास येत नाही. तिच्या जागेवर पाहुण्यांच्या गाड्या उभ्या राहतात. पुढचं घर मी पाहून आलो. ओळंब्यात सरळ आहे, केसाएवढी भेग नाही. देवांपुढे दिवा रोज लागतो.