काळे मणी, दोन सोनेरी

समस्त उमरेडकरांना, आणि उमरेड सोडून पळालेल्या माझ्यासारख्या समस्त दिवट्यांना अत्यंत गांभीर्यानं कळवण्यात येतं, की माझं पहिलं लग्न माझ्या गैरहजेरीत लागलं. नवरदेवही हजर नव्हता.

गोष्ट सत्तरच्या दशकातली. टेलिफोन एक्स्चेंजमधल्या नोकरीसाठी मी नागपूरला निघाले, तेव्हा विणकर बाबांनी भरदिवसा हातमाग थांबवला आणि माझी ट्रंक एसटीपर्यंत स्वतः आणली. बस सुटताना म्हणाले, "एक जरी बोल कानावर आला, त परत यायचं."

तिथल्या जरीपटका वस्तीत एका सिंधी मावशींकडे खोली मिळाली. मणीकाम त्यांनीच शिकवलं. सुई एका मण्यातून वर, दोन नवे मणी, शेजारच्या मण्यातून खाली. असं गोल फिरत राहिलं की पोकळ, मऊ नळी वाढत जाते आणि मणी जोडीजोडीनं तिरपे टेकतात, गव्हाच्या लोंबीतल्या दाण्यांसारखे. पहिला हार मी काळ्या मण्यांचा केला, कारण सीताबर्डीच्या बाजारात तेच सगळ्यांत स्वस्त. मधोमध शोभेला दोन सोनेरी. आणि तो घालून दिवाळीला ऐटीत घरी!

गल्लीच्या तोंडाशीच काकू ओरडली, "अवं माय! पोरीनं लगन करून टाकलं!"

मी ओसरीवर पोचायच्या आत बातमी पोचली होती. शेजारीण माझ्या मागे वाकून पाहत म्हणाली, "जावई कुठी लपवला वं?" आईनं डोळ्यांना पदर लावला. मी सांगत होते, अगं, हा नुसता हार आहे, मीच विणला. कोण ऐकतं! माझी नोकरी, खोली, अख्खं नागपूर त्या दोन सोनेरी मण्यांना टांगलं होतं.

बाबांनी हात पुढे केला. मी हार काढून दिला. त्यांनी तो ताणला, पिळला, उजेडात धरला. उभे धागे शोधले, आडवे शोधले.

आज मी पक्की नागपूरकरीण आहे. माझे हार बायका मागून नेतात आणि मीही भाव खाऊनच देते. पण घर कुठलं विचाराल, तर जरीपटका नाही आणि उमरेडची ओसरीही नाही. आपल्या हातची वस्तू जिथं कुणी अशी उलटून-पालटून बघतं, ते माझं घर.

त्या दिवशी मात्र शेजारणीला धीर कुठला. "अहो, जावयाचं विचारा ना!"

बाबांनी हारावरून मान वर केली आणि माझ्यावरच ओरडले, "जावई गेला चुलीत! इतकं बारीक विणलं, त माग कुठी ठेवला वं तुनं?"